वही आधी, वेष्टन मागाहून

लेखनसाहित्य विकत घेताना आपण बहुधा डोळ्यांत भरते ते आधी निवडतो आणि हाताला ज्याच्याशी रोज काम पडावयाचे, ते मागाहून जसे मिळेल तसे पत्करतो. एक वही भरली की ती काढून तिच्या जागी दुसरी घालता येईल, अशी जी चामड्याची वा कापडी वेष्टने सांप्रत लहानमोठ्या शहरांतून विकावयास येऊ लागली आहेत, त्यांच्या खरेदीत तर हा उलटा क्रम विशेष नुकसानकारक ठरतो. कारण वेष्टन एकदाच घ्यावयाचे असते, वही मात्र वर्षानुवर्षे घेत राहावयाची असते. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, ज्या वेष्टनात बसणारी वही आपल्या गावच्या दुकानात मिळत नाही अथवा आपल्याला घरी शिवता येत नाही, ते वेष्टन कितीही देखणे आणि कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये.

कागद निराळा आणि त्याचे वेष्टन निराळे, ही व्यवस्था आपल्या प्रांताला परकी नाही. पोथीची सुटी पाने दोन लाकडी पाट्यांमध्ये ठेवून ती कापडात बांधीत, आणि कापड जीर्ण झाले म्हणजे पोथीला धक्का न लावता तेवढेच बदलता येई. पेशवे दफ्तरातील मोडी कागदही रुमालांत बांधून ठेवलेले होते. त्यांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड रियासतकार सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात संपादित करून प्रसिद्ध केले, ते त्या जुन्या दप्तरदारांनी कागदाची जी बरदास्त ठेवली होती, तिच्या आधारावरच. त्या सर्व कारभारात रुमाल कागदासाठी होता, कागद रुमालासाठी नव्हता. आणि हीच दृष्टी आजच्या खरेदीतही ठेवावयास हवी.

परदेशांत या वस्तूची जी दोन रूपे नावाजली गेली, ती आदरास पात्र आहेत. लंडनमध्ये १९२१ साली स्थापन झालेल्या पेढीने पुढे फायलोफॅक्स या नावाने जी कड्यांची वही रूढ केली, तिच्या ‘पर्सनल’ आकाराचे पान ९५ बाय १७१ मिलिमीटर असून त्याला सहा भोके असतात. १९४० च्या बाँबहल्ल्यांत पेढीची कचेरी नष्ट झाली तेव्हा ग्रेस स्कर या कर्मचारी बाईंनी आपल्या स्वतःच्या वहीत उतरून ठेवलेल्या नोंदींवरून धंदा पुन्हा उभा करता आला, असे त्या पेढीच्या इतिहासात सांगतात. जपानमध्ये २००६ साली मिदोरी या कंपनीने काढलेली ‘ट्रॅव्हलर्स नोटबुक’ म्हणजे थायलंडातील चियांग माई येथे तयार होणारा चामड्याचा एक अखंड तुकडा आणि त्यात ओवलेली इलॅस्टिकची दोरी, एवढाच सरंजाम. तिच्या वहीचे माप ११० बाय २१० मिलिमीटर. परंतु यांपैकी कोणत्याही मापाची वही तालुक्याच्या गावी मागितली तर दुकानदार नकारार्थी मान हलवील, आणि मग दर खेपेस परगावाहून मागणी करावयाची, टपालखर्च सोसावयाचा, आणि मागणीस विलंब झाला की लेखनात खंड पाडावयाचा, अशी ही परावलंबी अवस्था होते.

या परावलंबनातून सुटण्याचा मार्ग ए-५ या मापात आहे. जर्मनीत १९२२ साली प्रमाणित झालेल्या आणि पुढे बहुतेक जगाने स्वीकारलेल्या या कागदमालिकेची मौज अशी की, कोणताही ताव मध्यावर दुमडला तरी लांबी आणि रुंदी यांचे परस्परांशी प्रमाण तेच राहते. त्यामुळे झेरॉक्सच्या दुकानात वापरला जाणारा २१० बाय २९७ मिलिमीटरांचा ए-४ ताव एकदा दुमडला की १४८ बाय २१० मिलिमीटरांची ए-५ वही कात्री न लावताच हाती येते. असे २० ताव एकात एक ठेवून दुमडावेत, घडीवर दाभणाने तीन भोके पाडावीत आणि मेण लावलेल्या जाड दोऱ्याने शिवावे, म्हणजे ८० पृष्ठांची वही तयार होते. ५०० तावांच्या एका रिमातून अशा २५ वह्या, म्हणजे २,००० पृष्ठे निघतात. जपानी मापाचाच ज्यांना सोस आहे, त्यांनीही निराश होण्याचे कारण नाही, कारण २९७ मिलिमीटरांची बाजू कापून २२० केली आणि मग ताव दुमडला की नेमकी तीच अरुंद वही मिळते. शालेय वह्यांची मापे मात्र याहून निरनिराळी असतात. तेव्हा ज्यांना तयार वहीच घालावयाची आहे, त्यांनी ती वही बरोबर घेऊन दुकानात जावे, आणि तिची जाडी पाठीत मावून वेष्टन सपाट मिटते की नाही, हे स्वतः पाहावे.

माप ठरल्यावर कामाचा विचार करावा. संशोधकाला, वकिलाला किंवा शिक्षकाला टिपणांची पाने पुढेमागे करावी लागतात. त्यांना कड्यांचे वेष्टन सोयीचे, जरी डाव्या पानावर लिहिताना कड्या मनगटाला अडतात आणि भोकांचे अंतर जुळणारे कागद शोधावे लागतात. दौऱ्यावर हिंडणाऱ्या बातमीदाराने दोरीचे वेष्टन घ्यावे, कारण त्यात दोनतीन पातळ वह्या वेगवेगळ्या कामांसाठी ओवता येतात आणि दोरी सैल झाली की नवी घालता येते. दैनंदिनी किंवा घरखर्च लिहिणाऱ्यासाठी दोन्ही बाजूंना खिसे असलेले साधे वेष्टन उत्तम, कारण त्यातील वही शिवलेली राहते. रोजकीर्दीचे पान सुटे नसावे, ही आपल्या जुन्या व्यापाऱ्यांची शिस्त विश्वासार्हतेच्या अनुभवातून आलेली आहे आणि ती घरच्या हिशेबालाही तितकीच लागू पडते.

आता पैशाचा प्रश्न. समजा, कृत्रिम चामड्याचे वेष्टन ३०० रुपयांना मिळाले आणि दोन वर्षे टिकले, तर वर्षाला १५० रुपये पडले; खऱ्या चामड्याचे १,२०० रुपयांना घेऊन दहा वर्षे वापरले, तर वर्षाला १२० पडले; आणि जाड खादीचे वा खणाचे अस्तर लावलेले वेष्टन ओळखीच्या शिंप्याकडून २०० रुपयांत शिवून घेऊन चार वर्षे वापरले, तर वर्षाला ५०च पडले. विद्यार्थ्याने निःसंकोच कापडी वेष्टन घ्यावे. ते धुता येते, उसवले तर शिवता येते, आणि त्यात कमीपणा काही नाही. कृत्रिम चामड्यावरील पॉलियुरेथेनचा थर मात्र दमट हवेत हळूहळू विघटित होऊन पापुद्र्यांनी सुटतो आणि तो दुरुस्त करता येत नाही, म्हणून कोकणात व मुंबईत ही स्वस्ताई फसवी आहे. चामडे घेणाऱ्याने ते वनस्पतिजन्य कषायाने कमावलेले आहे की नाही, हे विचारावे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडे कमावण्याची विद्या कोल्हापुरी चपलेच्या कारागिरांनी जतन केली आहे, आणि असे चामडे हाताळले जाईल तसतसे अधिक गडद व तुकतुकीत होत जाते. पावसाळ्यात त्यावर बुरशी येते. ती कोरड्या फडक्याने पुसावी, वेष्टन हवेशीर जागी ठेवावे, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये.

अभिरुचीचा अधिकार मी नाकारीत नाही. रंग, पोत आणि शिवण यांत मनाला जे प्रसन्न वाटेल ते घ्यावे, कारण जी वस्तू हातात घ्यावीशी वाटते, तिच्यातच माणूस लिहीत राहतो. मात्र ही निवड माप, काम आणि ऐपत यांचा निर्णय झाल्यावर व्हावी, म्हणजे आवड खर्चाला आळा घालणाऱ्या विवेकाची सोबती होते.

यासाठी ग्राहकाइतकीच जबाबदारी उत्पादकांची आहे. प्रत्येक वेष्टनावर आत मावणाऱ्या वहीची लांबी, रुंदी आणि जाडी मिलिमीटरांत छापलेली असावी, आणि बदली दोरी वा कड्या सुट्या विकत मिळाव्यात, एवढी तरतूद करणे कोणत्याही कारखानदाराला जड नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच चामड्यावर, त्याच हातांनी, ए-५ मापाची वेष्टने घडविण्याचे काम सहकारी संस्थांनी अंगावर घेतले तर कारागिराला पावसाळ्यातही काम मिळेल, आणि लिहिणाऱ्याला आपल्याच जिल्ह्यात बनलेली, दुरुस्त होऊ शकणारी आणि कोणत्याही गावच्या कागदाने पुन्हा भरता येणारी वस्तू मिळेल. तोवर खरेदीला निघालेल्या प्रत्येकाने दुकानदाराला किमतीच्या आधी एवढेच विचारावे: यातली पुढची वही मला कोठे मिळेल?