बातम्या देणारे आवाज आणि आपली मुले





मागच्या महिन्यात शाळेतले जुने कपाट आवरताना तळाशी एक ट्रान्झिस्टर सापडला. सेलच्या कप्प्यात गंज चढला होता. शिपाईमामांनी विचारले, "सर, भंगारात देऊ का?" आम्ही "थांबा" म्हणालो आणि तिथेच शिक्षकांची मैफल जमली. कोणी आकाशवाणीची सकाळची धून गुणगुणले, कोणी प्रदीप भिडे यांच्यासारखे "नमस्कार" म्हणून दाखवले, तर कोणाला सलमा सुलतान यांच्या केसांतला गुलाब आठवला. तरुण शिक्षिकांना ई-टीव्ही मराठीचे दिवस आठवले. मोकळी तासिका कधी संपली ते कळले नाही.

आठवणी गोडच असतात, पण घंटा झाल्यावर आमच्या मनात एक प्रश्न राहिला. त्या आवाजांनी आम्हाला काही दिले होते. आजच्या मुलांना ते कोण देत आहे? त्यासाठीच हा लेख.

प्रथम आमची बाजू सांगतो. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. मराठी आम्हाला आईकडून, आजीकडून आणि बाजारातून मिळाली. ती बिदरकडची, कन्नड आणि उर्दूच्या शेजारात वाढलेली मराठी. पुस्तकी मराठी कशी बोलतात हे सांगायला घरात कोणी नव्हते. ते काम रेडिओने केले. पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्या सुरू झाल्या की घरातले मोठे हात करून सगळ्यांना गप्प बसवत. सुधा नरवणे यांचा आवाज आम्हाला नातेवाइकाच्या आवाजासारखा ओळखीचा होता. बातमी संपेपर्यंत चहा गार झाला तरी चालत असे.

सकाळी वाजणारी आकाशवाणीची ती धून वॉल्टर कॉफमन यांची मानली जाते. हे गृहस्थ १९३० च्या दशकात युरोप सोडून मुंबईला आले होते. दूरदर्शनची धून पंडित रविशंकर यांनी उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांच्यासह केली आणि १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले, तेव्हापासून ती घरोघरी पोहोचली. पडद्यावर ते फिरणारे बोधचिन्ह आणि मध्येच कधीतरी "रुकावट के लिए खेद है" ही पाटी! पाटी लागली तरी कोणी जागचे उठत नसे.

विद्यार्थ्यांना एक गोष्ट अभिमानाने सांगावीशी वाटते. दूरदर्शन खेड्यात नेण्याच्या देशातल्या पहिल्या मोठ्या प्रयोगात आपला गुलबर्गा जिल्हा होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष, अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम दाखवले गेले. कर्नाटकातले गुलबर्गा, रायचूर आणि विजापूर हे जिल्हे त्यात होते. गावात एक सार्वजनिक टीव्ही, वर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची मोठी छत्री, आणि समोर सारा गाव. आपल्याकडचे कार्यक्रम अर्थातच कन्नडमधून असत.

मराठी बातम्या टीव्हीवर पाहायला मात्र आम्हाला सुटीत मुंबईच्या मावशीकडे जावे लागे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. डॉ. विश्वास मेहेंदळे हे तिथले पहिले मराठी वृत्तनिवेदक म्हणून ओळखले जातात. पुढे भक्ती बर्वे, स्मिता पाटील, अनंत भावे, प्रदीप भिडे अशी मंडळी आली. अनंत भावे मुलांसाठी सुंदर लिहिणारे लेखक होते, हे आपल्या ग्रंथालयात जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. प्रदीप भिडे यांनी सुमारे चार दशके बातम्या दिल्या. जून २०२२ मध्ये ते गेल्याचे कळले तेव्हा घरातले वडीलधारे माणूस गेल्यासारखे वाटले.

या मंडळींनी आम्हाला काय शिकवले? बातमी आधी आपण वाचून समजून घ्यावी, मग दुसऱ्याला सांगावी. श्वास कुठे घ्यायचा ते ठाऊक असावे. मंत्र्याचे नाव जितक्या काळजीने घ्यावे, तितक्याच काळजीने खेड्याचेही घ्यावे. आणि बातमी कितीही वाईट असली तरी आवाज चढवू नये. ३१ ऑक्टोबर १९८४ च्या संध्याकाळी सलमा सुलतान यांनी इंदिरा गांधींच्या हत्येची बातमी दिली, तेव्हा आम्ही हायस्कुलात होतो. त्यांचा चेहरा उतरलेला होता, पण वाक्य तुटले नाही.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट तर आपल्या भागातल्या कोणत्याच घरात विसरली गेलेली नाही. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते. पहाटे चारच्या सुमारास भांडी वाजली, लोक अंगणात आले. किल्लारीचा भूकंप होता तो. दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. त्या वेळी ना मोबाईल, ना चोवीस तासांची वाहिनी. आम्ही रेडिओला कान लावून बसलो होतो. औसा आणि उमरगा तालुक्यांतल्या गावांची नावे येत होती. ऐकणाऱ्यासाठी ती नुसती नावे नव्हती. कोणाची बहीण तिथे दिली होती, कोणाचे आजोळ तिथे होते. नाव चुकीचे उच्चारले असते तर आमचा माणूस कुठल्या गावात सापडला हेच कळले नसते. नाव नीट घेणे म्हणजे काय, ते आम्ही त्या दिवशी शिकलो.

इथवर झाले कौतुक. आता आमची एक चूक सांगतो, कारण तिच्यावाचून हा लेख अर्धा राहील.

काही वर्षांपूर्वी प्रार्थनेच्या वेळी आम्ही मुलांकडून बातम्या वाचून घेत असू. मांजरा काठच्या एका गावचा सातवीतला मुलगा माइकवर आला. वर्तमानपत्र न उघडता तो म्हणाला, "मांजराला पूर येऊलालाय. आमच्या वावरात पाणी शिरूलालंय." आम्ही त्याला तिथेच थांबवले. "येऊलालाय नव्हे, येत आहे म्हण. दूरदर्शनवर असे बोलतात का?" सगळी मुले हसली. मुलगा मान खाली घालून रांगेत गेला आणि वर्षभर पुन्हा माइकवर आला नाही. दोन दिवसांनी कळले, त्याच्या घरची तूर पाण्याखाली गेली होती. त्या सकाळी आख्ख्या शाळेत खरी बातमी त्या एकट्याकडे होती, आणि आम्ही क्रियापद तपासत बसलो.

ही गोष्ट आठवली की आम्हाला भक्ती बर्वे आठवतात. बातम्यांतली ती स्वच्छ, प्रमाण मराठी. त्याच भक्ती बर्वे १९७५ मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी' नाटकात मंजुळा झाल्या. मंजुळा म्हणजे फुले विकणारी मुलगी. तिच्या बोलीला नावे ठेवणारा भाषेचा प्राध्यापक तिला 'शुद्ध' बोलायला शिकवतो, पण तिच्या मनाकडे पाहायला विसरतो. प्रेक्षक मंजुळेच्या बाजूने उभे राहिले. आम्ही त्या सकाळी त्या प्राध्यापकाच्या जागी उभे होतो.

स्मिता पाटील यांच्याबद्दलही एक गोष्ट सांगतात. बातम्या द्यायची वेळ झाली की त्या जीन्सवरच साडी नेसत आणि कॅमेऱ्यासमोर बसत. आम्हाला यात मोठे शिक्षण दिसते. प्रमाण भाषा ही कामावर जाताना नेसायची साडी आहे. ती नीट नेसता आली पाहिजे, पण त्यासाठी अंगावरचे कपडे फेकून द्यायची गरज नाही. 'येऊलालाय' हे बिदर-उदगीरकडचे आपले घरचे कपडे आहेत.

आता दुसरा मुद्दा. आज मराठी ऐकायला मिळत नाही असे मुळीच नाही. १९९४ मध्ये मुंबईची मराठी वाहिनी उपग्रहावरून दिसू लागली, २००० मध्ये तिचे नाव सह्याद्री झाले. १९९९ मध्ये अल्फा मराठी आली, २००० मध्ये ई-टीव्ही मराठी. ई-टीव्हीच्या मराठी बातम्या तर हैदराबादजवळच्या रामोजी फिल्म सिटीतून येत. आपल्या जुन्या राजधानीतून मराठी बातम्या येतात याचे आमच्या वडीलधाऱ्यांना केवढे अप्रूप होते! २००७ पासून चोवीस तास बातम्या देणाऱ्या मराठी वाहिन्याही सुरू झाल्या. आता तर सगळे मोबाईलवर आहे. आमच्या लहानपणापेक्षा शंभरपट मराठी मुलांच्या हातात आहे.

मग उणीव कशाची? पहिली उणीव अशी की घरातल्या सगळ्यांनी मिळून ऐकायची ती वेळ आता राहिली नाही. मुलगा एक पाहतो, आई दुसरे, आजी तिसरे. दुसरी उणीव जुनीच आहे. त्या बातम्यांत आपण नसतो. मराठी बातम्यांतले हवामान ऐकून पाहा. कोकण, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ, इथे ते संपते. कन्नड बातम्यांत आपण उत्तर अंतर्गत कर्नाटकात असतो, नकाशाच्या अगदी वरच्या टोकाला. वाहिन्यांच्या जाहिरातींत रायगड दिसतो, गेटवे दिसते, हंपी दिसते. बिदरचा किल्ला क्वचितच. पण ढगाला नकाशा कळत नाही. मांजरा आधी लातूरकडून वाहत येते आणि मग आपल्याकडे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके आपल्याच बिदर जिल्ह्यात होते. राज्ये वेगळी झाली, सोयरिकी तशाच राहिल्या.

यात कोणावर राग नाही. मुंबईने मुंबईचे पाहावे, बेंगळुरूने बेंगळुरूचे. पण आपल्या बातम्या कोणी दुसरा देणार नसेल, तर त्या आपल्या मुलांनीच द्यायला हव्यात.

म्हणून आमची सूचना अशी. दर शनिवारी प्रार्थनेनंतर दहा मिनिटे 'आपल्या बातम्या'. एक मुलगा किंवा मुलगी मराठीतून, एक कन्नडमधून, एक हिंदीतून. कन्नड ही आपल्या राज्याची भाषा आहे, ती नीट आली नाही तर मुलांचेच नुकसान. प्रत्येकाने निदान दोन बातम्या स्वतःच्या गावच्या आणायच्या: विहिरीचे पाणी, बसची वेळ, जत्रा, तुरीचा भाव. बातमी खरी आहे का ते घरच्या मोठ्यांना विचारून यायचे. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद, हुमनाबाद, कोणत्याही गावाचे नाव त्या गावचे लोक घेतात तसे घ्यायचे. आधी घरच्या बोलीत सांगायचे, मग तेच प्रमाण भाषेत वाचायचे. आणि एक नियम सर्वांसाठी, आमच्यासह: कोणी हसायचे नाही.

काही पालक म्हणतील, "सर, यापेक्षा इंग्रजी-गणिताचा जादा तास घ्या. मराठीने नोकरी मिळत नाही." त्यांची काळजी आम्हाला समजते. मुलांना इंग्रजी शाळेत घालावे का, हा विचार घरोघरी चालला आहे. आमचे उत्तर एवढेच, की चार माणसांसमोर उभे राहून खरी गोष्ट न घाबरता, नीट शब्दांत सांगता येणे हे मुलाखतीत, बँकेत, कचेरीत, दवाखान्यात, सगळीकडे लागते. ज्याला आपल्या भाषेत ते जमले, त्याला इंग्रजीतही जमेल. ज्याला आपल्या भाषेतच गप्प बसवले, तो कुठेच बोलणार नाही.

विश्वस्त मंडळींना एक विनंती. सभागृहात मोठा टीव्ही बसवावा अशी चर्चा बैठकीत झाली होती. जरूर बसवावा. पण त्याआधी माइक आणि स्पीकर दुरुस्त व्हावेत. मुलांनी दुसऱ्यांचे ऐकण्याची सोय खूप झाली आहे, आता मुलांचे ऐकण्याची सोय व्हावी. पालकांनीही शनिवारी सवड काढून प्रार्थनेला यावे, आणि आपल्या सूचना कार्यालयात लेखी द्याव्यात.

तो ट्रान्झिस्टर आम्ही भंगारात दिला नाही. गंज काढला, नवे सेल घातले, थोडा खरखरतो, पण लागतो. सभागृहात माइकशेजारच्या टेबलावर तो ठेवला आहे.

आणि त्या मांजरा काठच्या मुलाबद्दल. तो आता मोठा झाला आहे, शेती पाहतो. गेल्या पावसाळ्यात बाजारात भेटला. आम्ही विचारले, "काय रे, मांजराला पाणी कसंय?" तो जरा थांबला, हसला आणि म्हणाला, "येऊलालंय, सर." या वेळी आम्ही पुढची बातमी विचारली.

आपला,
मुख्याध्यापक