खरा वारस कोण?



सातारा-सांगलीच्या गावांत वारसा हक्काची शिबिरे घेताना मी एक प्रश्न हमखास विचारते : घरचा मालक वारला तर वारस कोण? उत्तर एका सुरात येते, "मुलगा." मुलगा नसेल तर? "पुतण्या." "दत्तक घ्यायचा." मुलीचे नाव यायला वेळ लागतो, आणि ते घेणारीचा आवाज खाली गेलेला असतो. हा अंक वारसा हक्कावर आहे. पण कायद्याच्या कलमांकडे वळण्याआधी साताऱ्याच्या गादीकडे पाहू या, कारण 'खरा वारस' या दोन शब्दांवरून तिथे मोठे रण माजले होते.

१७०० साली राजाराम महाराज वारले तेव्हा ताराबाई पंचविशीत होत्या. लहानग्या शिवाजीला गादीवर बसवून त्यांनी सात वर्षे औरंगजेबाशी झुंज दिली. मोहिमा, किल्ले, सरदार, सगळे त्यांनीच सांभाळले, पण राज्य मुलाच्या नावाने चालले. १७०७ मध्ये शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले, तेव्हा ताराबाईंनी त्यांना तोतया ठरवले. पण एकेक सरदार शाहूंना मिळाला, खेडच्या लढाईत ताराबाईंची बाजू हरली आणि साताऱ्याची गादी शाहूंची झाली. १७१४ मध्ये सवत राजसबाईंचा मुलगा संभाजी कोल्हापूरच्या गादीवर आला आणि ताराबाई मुलासह पन्हाळ्यावर कैदेत पडल्या. १७३१ च्या तहाने वारणा नदी दोन्ही राज्यांची हद्द ठरली. आजही ती सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांच्या मधून वाहते. पुढे ताराबाई साताऱ्यात येऊन राहिल्या.

शाहूंना पुत्र उरला नव्हता. लेकी होत्या, पण गादीसाठी त्यांचा विचार कोणी केला नाही. तेव्हा ताराबाईंनी सांगितले की, आपल्या मुलाचा मुलगा जिवंत आहे. पन्हाळ्यावरून तान्हेपणीच बाहेर काढून त्याला गुपचूप वाढवले आहे. शाहूंच्या राणी सकवारबाईंचा या वारसाला विरोध होता. डिसेंबर १७४९ मध्ये शाहू वारले आणि सकवारबाई सती गेल्या. त्यांच्यावर दबाव आणला गेला, असे अनेक इतिहासकारांनी लिहिले आहे. जानेवारी १७५० मध्ये रामराजा गादीवर बसला. ग्रँट डफ लिहितो की, ताराबाईंनी लष्करासमोर त्याच्याबरोबर जेवून, त्या अन्नाची शपथ घेऊन, हा आपला नातू असल्याचे सांगितले होते.

पण नातू पेशव्यांच्या विरोधात उभा राहीना. त्याच वर्षी ताराबाईंनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केले. १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबासमोर त्यांनी उलटी शपथ घेतली, की हा आपला नातू नव्हे. तरीही रामराजा छत्रपती राहिला. कारभार पेशव्यांच्या हाती गेलाच होता. त्यांना गादीवर नाव हवे होते, ते मिळाले.

खरे-खोटे काय होते, यावर इतिहासकार वाद घालतात. आपल्याला वेगळा प्रश्न पडायला हवा. ताराबाईंनी "हा माझा नातू" म्हटले तेव्हा त्यांचा शब्द प्रमाण ठरला, कारण त्यातून एका पुरुषाचा हक्क सिद्ध होत होता. "नव्हे" म्हटले तेव्हा त्याच शब्दाला किंमत उरली नाही. आणि सात वर्षे राज्य राखलेल्या या बाईने "गादी माझी" असे म्हणावे, ही सोय तर व्यवस्थेत मुळातच नव्हती. सत्ता हवी तर आधी मुलगा दाखव, मग नातू दाखव. त्या नातवाला त्यांनी कैदेत टाकले, हा अन्यायच होता. ताराबाईंची मूर्ती करून पुजण्याची आपल्याला गरज नाही. पण बाईला मुलग्याच्या आडूनच सत्तेकडे जावे लागले की माणसे प्यादी होतात, हे त्यांच्या आयुष्यातून दिसते.

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. पंडिता रमाबाईंनी ज्या बायबलचे मराठी भाषांतर केले, त्यात यहूदाच्या राजघराण्याची कथा आहे. राजा अहज्या मारला गेल्यावर त्याची आई अथल्या राजवंशाची कत्तल करून स्वतः राज्य करू लागली. अहज्याची बहीण यहोशेबा हिने त्याच्या तान्ह्या मुलाला, योवाशाला, दाईसकट लपवले आणि सहा वर्षे मंदिरात सांभाळले. सातव्या वर्षी याजक यहोयादाने त्या मुलाला राजमुकुट घातला आणि अथल्येला ठार करण्याचा हुकूम दिला. हक्काचा वारस गादीवर आला, असे सांगून कथा संपते. यहोशेबा स्वतः राजकन्या होती, पण ती वारस होऊ शकते हे कोणाच्या मनातही येत नाही. आणि त्या मुलाला दूध पाजणाऱ्या दाईचे तर नावही लिहिलेले नाही.

आता आपल्या गावात येऊ. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत पत्नी, आई, मुलगे, मुली यांना सारखा हिस्सा दिला. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना जन्मसिद्ध हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. (मुस्लिम आणि ख्रिस्ती भगिनींचे वारसा कायदे वेगळे आहेत.)

तरी वडिलांचे दिवसकार्य उरकते न उरकते तोच बहिणीला तालुक्याला नेले जाते आणि हक्कसोडपत्रावर सही होते. बदल्यात साडीचोळी. "माहेर तुटेल," एवढी एक भीती त्यासाठी पुरते. काही वेळा तर वारस नोंदीतून बहिणींची नावेच गाळली जातात. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्हाला कलमे शिकवली गेली. सहीच्या वेळचा तो दबाव मला बायकांनी शिकवला. आज बहिणीचा हक्क मान्य होतो, पण तो सोडून देण्यापुरताच. ताराबाईंच्या शब्दासारखीच तिची सही : दुसऱ्याचा हक्क पक्का करण्यासाठी ती लागते, स्वतःचा मागण्यासाठी मात्र चालत नाही.

म्हणून प्रत्येक गटाने एवढे तरी करावे. गावात मृत्यू झाला की घरातल्या लेकींना आणि विधवेला भेटावे, दुःखाच्या दिवसांत कशावरही सही करू नका असे सांगावे. वारस नोंदीत सर्वांची नावे आहेत का, हे तलाठ्याकडे पाहावे. फेरफाराची नोटीस निघाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत घेता येते, हे ध्यानात ठेवावे. मुदत गेली तरी हक्क जात नाही, कारण सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. हक्क सोडायचा की नाही हे बहिणीने ठरवावे, पण किती जमीन सोडतो आहोत हे समजून, आणि तिला ते माहेराच्या अंगणात मोठ्याने बोलता यावे.

गटातल्या किती जणींची नावे माहेरच्या सातबाऱ्यावर आहेत, ते मोजून आम्हाला कळवा. पुढच्या अंकात त्यावर सविस्तर बोलू.