2 कोटी 35 लाखांचा डिफेंडर घ्यायचा की नाही?

'पहिला पगारी माणूस' या व्हिडिओखाली एकच प्रश्न येऊन राहिला आहे. गिऱ्हाईक आणणारा ठेवू, की उधारी आणि माल सांभाळणारा? व्हिडिओत मी घाईत 'सांभाळणारा' म्हणून मोकळा झालो. ते अर्धंच उत्तर होतं. उरलेलं आज प्रो कबड्डीच्या लिलावावरून सांगतो, कारण तिथे हाच प्रश्न कोटींमध्ये विचारला जातो.

2023 च्या लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला 2 कोटी 35 लाखांना घेतलं. लेफ्ट कॉर्नरचा खेळाडू, म्हणजे मुख्य काम पकडीचं. टीमची पर्स 5 कोटींची, त्यातली जवळपास निम्मी एका डिफेंडरवर! मला तेव्हा ते जास्तच वाटलं होतं. त्या सीझनमध्ये त्याने पकडीचे 99 पॉइंट काढले आणि पुणे पहिल्यांदा चॅम्पियन झालं. पुढच्या लिलावात हरियाणा स्टीलर्सने त्याला 2 कोटी 7 लाखांना नेलं. हरियाणाही पहिल्यांदाच चॅम्पियन.

इथे थांबलो असतो तर व्हिडिओ छान झाला असता. पण 2025 मध्ये गुजरात जायंट्सने त्याच माणसाला 2 कोटी 23 लाख दिले आणि टीम पहिल्या आठातही आली नाही.

माणूस तोच. मग बदललं काय? पुण्याकडे तो यायच्या आधीच पॉइंट आणणारे होते: अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते. हरियाणाकडे रेडर विनय होता आणि पकडीत जयदीप, राहुल सेतपाल. कॉर्नरवाल्याने घोटा धरला तरी कव्हरवाला वेळेवर धावून यावा लागतो. नाहीतर रेडर त्याला ओढत लाईन गाठतो. पकड फसली, माणूस बाहेर, पॉइंट समोरच्याला. गुजरातची बाकी टीम तेवढी बसलेली नव्हती, असं माझं मत आहे.

दुसरं उदाहरण फझल अत्राचलीचं. 2018 मध्ये यू मुंबाने त्याला 1 कोटी दिले. प्रो कबड्डीत कोटीचा आकडा गाठणारा तो पहिला खेळाडू, आणि तोही डिफेंडर. पुण्याने 2022 मध्ये 1 कोटी 38 लाख दिले, गुजरातने पुढच्या वर्षी 1 कोटी 60 लाख. मग भाव पडला. 2025 मध्ये दबंग दिल्लीने त्याला 30 लाखांत घेतलं आणि फायनलमध्ये पुण्याला 31-28 ने हरवलं. दिल्लीकडे पॉइंट आणायला आशू मलिक होताच. वय वाढलेला पण खेळ वाचणारा डिफेंडर त्यांना स्वस्तात मिळाला. मला विचाराल तर या सगळ्यांत हुशार खरेदी हीच.

आता आपल्या गल्ल्याकडे या. मी एकदा हीच चूक केली. महिन्याची विक्री जेमतेम, तरी हिशेबात पक्का माणूस चांगल्या पगारावर ठेवला. सहा महिन्यांत वही चकाचक झाली, उधारी आटोक्यात आली, पण वाचवायला मुळात विक्रीच नव्हती. माणूस चांगला होता, वेळ माझी चुकली.

उलटंही पाहतो. यवतमाळ, दारव्हा, घाटंजीकडची कितीतरी दुकानं खरिपात गर्दीने भरतात आणि कापूस विकेपर्यंत अर्धा धंदा वहीतच राहतो. तिथे अजून एक सेल्समन ठेवणं म्हणजे भोकाच्या बादलीत पाणी. तिथे डिफेंडरच पाहिजे, आणि दोन पैसे जास्त देऊन.

फक्त त्याला वसुलीच्या आकड्यावर तोलू नका. पकडीचे पॉइंट मोजता येतात, पण त्या कोपऱ्यात जायलाच घाबरलेला रेडर कुठल्याच तक्त्यात येत नाही. तसंच तुमच्या माणसाने गोड बोलून नाकारलेली उधारी वहीत दिसत नाही. म्हणून त्याला ठेवण्याआधीच्या तीन महिन्यांत नवी उधारी किती गेली ते लिहून ठेवा आणि नंतरच्या तीन महिन्यांशी लावून बघा. सीझन मात्र लक्षात घ्या भाऊ, जूनची तुलना जानेवारीशी नको.

तुमची महिन्याची विक्री आणि बाहेर अडकलेली उधारी, दोन्ही आकडे कमेंटमध्ये टाका. नाव-गाव नको. पुढच्या व्हिडिओत त्यातले पाच घेऊन कोणाला रेडर लागतो, कोणाला डिफेंडर, ते बघू.