रेडिएटरची गळती आणि हमीचा हक्क

मुंबईचा भाजीपाल्याचा व फळांचा घाऊक बाजार 1996 साली नवी मुंबईत वाशी-तुर्भे येथे आला. तेव्हापासून जुन्नर, नाशिककडील मालाच्या गाड्या रात्री घाट उतरून पहाटे तेथे पोचतात. वाहन हे आता नांगराइतकेच शेतीचे साधन झाले आहे. तथापि बियाण्याची पिशवी व पावती जपून ठेवणारा शेतकरी वाहनाच्या कागदांविषयी मात्र उदासीन असतो. ही उदासीनता महागात पडते.

साध्या हातगिअरच्या गाडीत कूलंट गळाले तर इंजिन तापते, हेड गॅस्केट जाते. गिअरबॉक्सचे ऑइल निराळेच असते. परंतु अनेक स्वयंचलित गिअरच्या गाड्यांत ते ऑइल रेडिएटरमधील नळीतूनच थंड होऊन येते. ही नळी आतून गंजली वा चिरली, म्हणजे कूलंट ऑइलमध्ये मिसळते. ऑइल दुधाळ होते, क्लचच्या पट्ट्यांचे अस्तर सुटते व गिअर घसरू लागतो. अशा वेळी जमिनीवर थेंबही दिसत नाही; फक्त कूलंट वारंवार कमी होते. म्हणून ही गळती अधिक घातक होय.

पुढे वाद उभा राहतो. विक्रेता रेडिएटर बदलून देण्यास तयार होतो, पण गिअरबॉक्सचा बिघाड चालकाच्या माथी मारतो. वास्तविक हमीच्या मुदतीत मूळ भागच सदोष ठरला, तर त्यातून झालेले नुकसान वेगळे काढणे न्याय्य नव्हे. मात्र काटा चढल्यावरही गाडी दामटली, अथवा कूलंटऐवजी विहिरीचे क्षारयुक्त पाणी भरत राहिले, तर ग्राहकाची बाजू लंगडी पडते.

यास्तव शेतकरी बंधूंनी लक्षण दिसताच गाडी थांबवावी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. ऑइल बदलण्यापूर्वी त्याचा नमुना व छायाचित्र ठेवावे. तक्रार तोंडी न सांगता जॉबकार्डावर लिहवून घ्यावी व प्रत मागावी. प्रत्येक सर्व्हिसची पावती जपावी. हमीपत्रातील अटी गाडी घेतानाच वाचाव्यात.

एवढे करूनही दाद न मिळाल्यास कायद्याचा आधार आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 अन्वये शेतकऱ्यास आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते; गाडी वाशीला बंद पडली म्हणून तेथे खेटे घालावे लागत नाहीत. तक्रारीची मुदत दोन वर्षे आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीस शुल्क नाही. स्वयंरोजगाराने केवळ उपजीविकेसाठी घेतलेले वाहन व्यापारी हेतूचे मानले जात नाही. 1915 या क्रमांकावर मार्गदर्शनही मिळते.

बियाणे सदोष निघाल्यास शेतकरी हा ग्राहकच होय, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली दिला. बियाण्याबाबत आलेली ही जागृती वाहनाबाबतही यावयास हवी. ग्रामकार्यकर्त्यांनी खरीपपूर्व सभेत बीजप्रक्रियेबरोबर याही विषयास दहा मिनिटे द्यावीत. माल पिकविण्यात जे कष्ट होतात, ते वाटेतच वाया जाऊ नयेत, यातच शेतकऱ्याचे हित आहे.