मेंदूचा पक्षाघात आणि आयुष्मान कार्ड: खर्चाची सोय झाली, वेळेचे काय?

२९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत सामावून घेण्यात आले. कुटुंब आधीपासून पात्र असेल, तर ज्येष्ठांना वर्षाला ५ लाख रुपयांचे वेगळे संरक्षण मिळते. पक्षाघाताचा धोका वयाबरोबर वाढतो, म्हणून हा विस्तार महत्त्वाचा आहे. मात्र या आजारात नुसते कार्ड पुरत नाही.

उपचार कसा होतो?

रक्ताच्या गुठळीने मेंदूची रक्तवाहिनी बंद झाली, तर ती विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मोठी वाहिनी बंद असल्यास जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून गुठळी बाहेर काढता येते. हे सहसा सहा तासांत करतात. तपासणीत योग्य ठरलेल्या काही रुग्णांत २४ तासांपर्यंतही करता येते. रक्तवाहिनीला फुगा आला असेल (अ‍ॅन्युरिझम), तर त्याच मार्गाने प्लॅटिनमची बारीक तार त्यात भरून तो बंद करतात. कवटी उघडावी लागत नाही. मात्र प्रत्येक रुग्णाला हा उपचार चालतोच असे नाही.

अडचण कुठे येते?

नळीद्वारे होणारे हे उपचार योजनेच्या पॅकेजमध्ये आहेत, पण ते प्रत्येक सूचीबद्ध रुग्णालयात होत नाहीत. त्यासाठी सीटी स्कॅन, कॅथलॅब आणि प्रशिक्षित डॉक्टर लागतात. चुकीच्या ठिकाणी गेल्यास रुग्णाला पुढे पाठवण्यातच मोलाचे तास जातात.

तुम्ही काय करावे?

• आजच १४५५५ वर फोन करून जवळच्या कोणत्या सूचीबद्ध रुग्णालयात पक्षाघाताचे उपचार होतात ते विचारा. नाव घरात लिहून ठेवा.
• तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे, अचानक असह्य डोकेदुखी: यांपैकी काहीही दिसल्यास लगेच १०८ ला फोन करा. लक्षणे कधी सुरू झाली ती वेळ लक्षात ठेवा.
• कार्ड शोधण्यात वेळ घालवू नका. रुग्णाला आधी न्या, मग आयुष्मान मित्राला भेटा.
• कामानिमित्त सुरत, इंदूर किंवा हैदराबादला राहत असाल, तरी प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचे कार्ड तेथील सूचीबद्ध रुग्णालयात चालते.
• फुटण्याआधीच फुगा सापडला असेल, तर दाखल होण्यापूर्वी मंजुरी आल्याची खात्री करा. भरती न होता केलेल्या बाह्यरुग्ण तपासण्यांचा खर्च योजनेत येत नाही.
• पॅकेजमधील उपचारासाठी पैसे मागितले, तर १४५५५ वर तक्रार नोंदवा.

दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस योजनेत धरले जातात. पक्षाघातानंतरची फिजिओथेरपी मात्र अनेक महिने चालते. त्यासाठी जिल्हा रुग्णालयात कोणती सोय आहे, हे घरी सोडण्याआधीच विचारून घ्या.