भंगार ठरवण्याचा अधिकार

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा सपोर्ट थांबवला. तेव्हापासून माझ्या परिचयाचे एक तंत्रज्ञ गृहस्थ भेटेल त्याला एकच सल्ला देत सुटले आहेत : जुना लॅपटॉप भंगारात घाला आणि नवा घ्या. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. ज्या यंत्रावर विंडोज ११ चालत नाही ते असुरक्षित. असुरक्षित यंत्रावरून बँकेचे व्यवहार करणे म्हणजे तिजोरीची किल्ली चोराच्या हाती देणे. आठ-नऊ वर्षांच्या वस्तूला चिकटून राहणे हा निव्वळ कंजूषपणा. आणि ‘त्यावर लिनक्स ही मोफत प्रणाली टाका’ असे सांगणारे लोक रिकामटेकडे, हौशी, सामान्य माणसाच्या अडचणी न कळणारे. फुकटच्या मालाची जबाबदारी घेणार कोण, हा त्यांचा ठेवणीतला सवाल.

त्यांनी मला रिकामटेकडा म्हटले याचे मला काही वाटत नाही. पण या सल्ल्यावर विसंबून लोक कर्ज काढून लॅपटॉप घेत आहेत, आणि ज्यांना तेही जमत नाही ते आपल्या धडधाकट यंत्राकडे घाबरून पाहत आहेत. त्याचा मला संताप आहे.

आमच्या इमारतीतल्या एका बारावीच्या मुलीचा लॅपटॉप मध्यंतरी मी पाहिला. तिच्या वडिलांनी २०१७ साली हप्त्यांवर घेतलेला, आत इंटेलचा आय५-७२००यू प्रोसेसर. बॅटरी उतरलेली, बिजागरी थोडी सैल. पण पडदा स्वच्छ आणि कीबोर्डची एकही कळ मेलेली नाही. ‘दादा, याला आता कोणी हात लावणार नाही,’ असे दुकानदाराने वडिलांना सांगितले होते. कारण विचारल्यावर उत्तर आले, की यात सुरक्षेची चिप नाही. मी विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबून ‘टीपीएम डॉट एमएससी’ लिहिले. खिडकी उघडली. तळाशी निर्मात्याच्या जागी आयएनटीसी, म्हणजे इंटेल, आणि पुढे स्पेसिफिकेशन व्हर्जन २.०. चिप नाही म्हणतात ती सोय यंत्रात जन्मापासून होती, आणि नेमकी हवी तीच आवृत्ती. असणारच, कारण २८ जुलै २०१६ पासून विंडोज १०च्या नव्या मॉडेलांत ही सुरक्षेची सोय, म्हणजे टीपीएम २.०, हवीच, असा दंडक खुद्द मायक्रोसॉफ्टने घातला होता.

मग अडले कुठे? प्रोसेसरच्या यादीत. विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. ७२००यू सातव्या पिढीचा. आता या दोन पिढ्यांतला फरक पाहा. आठव्या पिढीतला आय५-८२५०यू ऑगस्ट २०१७ मध्ये आला आणि तो यादीत आहे. त्याची अंतर्गत रचना सातव्या पिढीचीच, केबी लेक नावाची. दोनाचे चार कोअर झाले, वेग वाढला, पण घराणे तेच. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले मोठे दोष उघड झाले, तेव्हा दोघेही त्यांना सारखेच बळी पडणारे निघाले. एक भाऊ सुरक्षित आणि दुसरा भंगार, हे कोणत्या शास्त्रात बसते?

आणि सातवी पिढी खरोखरच इतकी धोक्याची असेल, तर सरफेस स्टुडिओ २ चे काय? हा मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा महागडा संगणक. २०१८ मध्ये तो बाजारात आला तो सातव्या पिढीचा आय७-७८२०एचक्यू घेऊन. विंडोज ११ची पहिली यादी निघाली तेव्हा तोही बाहेर पडला. ऑगस्ट २०२१ मध्ये यादी सुधारली गेली आणि सातव्या पिढीतले जे मोजके प्रोसेसर आत घेतले गेले, त्यांत हा ७८२०एचक्यू होता. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण इतकी चपखल लागू पडलेली मी क्वचितच पाहिली आहे.

त्याच वेळी कंपनीने एक आकडा पुढे केला होता : अटी पूर्ण न करणाऱ्या यंत्रांवर कर्नल कोसळण्याचे प्रमाण ५२ टक्क्यांनी जास्त. गृहस्थ हा आकडा फार प्रेमाने सांगतात. त्याच निवेदनात अटी पूर्ण करणारी यंत्रे ९९.८ टक्के वेळा न कोसळता चालली, असेही लिहिले होते. हे मात्र गृहस्थ सांगत नाहीत. मुळातच नगण्य असलेली गोष्ट दीडपट झाली तरी ती नगण्यच राहते. एवढ्यावर कोट्यवधी यंत्रांना निकाली काढायचे?

खऱ्या तांत्रिक मर्यादा असतात आणि त्या मी मान्य करतो. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीला पॉपसीएनटी नावाची एक आज्ञा प्रोसेसरमध्ये लागतेच. ती नसेल तर यंत्र सुरूच होत नाही. पण इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ती आज्ञा २००८ च्या अखेरीस आली. म्हणजे यंत्राची मर्यादा २००८ ची आणि कागदावरची मर्यादा २०१७ ची. मधल्या नऊ वर्षांतली यंत्रे विंडोज ११ चालवू शकतात. त्यांना मनाई आहे एवढेच.

आता ‘सपोर्ट संपला, दुरुस्त्या बंद झाल्या’ या मुद्द्याकडे येतो, कारण गृहस्थांचा सगळा डोलारा यावरच उभा आहे. दुरुस्त्या बंद झालेल्या नाहीत. मोठ्या संस्थांना त्या विकत मिळतात : पहिल्या वर्षी दर यंत्रामागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, ऑक्टोबर २०२८ पर्यंत. उद्योगांतल्या यंत्रांसाठी असलेल्या विंडोज १०च्या दीर्घ मुदतीच्या एका आवृत्तीला तर जानेवारी २०३२ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. घरगुती ग्राहकाला मिळाले १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे एक वर्ष, तेही ३० डॉलर मोजून किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात शिरून आपली सेटिंग त्यांच्या सर्व्हरवर ठेवून. युरोपात ग्राहक संघटनांनी आवाज उठवला तेव्हा ही सेटिंगची अट तिथल्यापुरती सैल झाली. भोक सापडते, ठिगळ शिवले जाते, तपासले जाते. फक्त त्या एका वर्षापुढे ते त्या मुलीच्या लॅपटॉपपर्यंत पोहोचू दिले जात नाही. हा निर्णय व्यापाराचा आहे. कंपनीने तो घ्यावा, तिचा तो हक्क आहे. पण तो सुरक्षेच्या नावावर खपवू नये, आणि ज्यांना तंत्र कळते त्यांनी तर मुळीच खपवू नये.

‘वॉनाक्राय विसरलात का?’ असे गृहस्थ विचारतात. मी विसरलेलो नाही. मे २०१७ मध्ये त्या खंडणीखोर विषाणूने जगभर धुमाकूळ घातला आणि तेव्हापासून ‘एक्सपी वापरणारे मेले’ अशी दंतकथा झाली. प्रत्यक्षात बळी पडलेल्या यंत्रांपैकी बहुतेक सगळी विंडोज ७ची होती. विंडोज ७चा सपोर्ट तेव्हा चालू होता आणि दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. लोकांनी ती घातली नव्हती. एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्येच संपला होता, तरी मे २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपीसाठीही दुरुस्ती दिली. मनात आणले तर तीन वर्षांनंतरही देता येते, हे कंपनीनेच दाखवून दिले.

आणि आपल्याकडच्या माणसाचे पैसे जातात कसे, हे तरी हे गृहस्थ पाहतात का? वीज तोडण्याचा खोटा संदेश येतो. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फाइल येते. व्हिडिओ कॉलवर खोटा पोलीस येतो आणि ‘डिजिटल अरेस्ट’ करून निवृत्त शिक्षकाची ठेव मोडायला लावतो. ओटीपी फोनवरून काढून घेतला जातो. यातला कोणता चोर टीपीएम अडवते? लॅपटॉपच चोरीला गेला तर डिस्कवरचा मजकूर वाचता येऊ नये आणि यंत्र सुरू होताना मध्ये कोणी घुसू नये, यासाठी ती सोय आहे. तिचे काम ती चोख करते. पण नव्या लॅपटॉपने तुमची ठेव वाचेल असे सांगणे ही दिशाभूल आहे.

‘त्यांनी बंद केले, म्हणून आपण टाकून द्यावे’ हा सूर मी पहिल्यांदा ऐकत नाही. वीसेक वर्षांपूर्वी मराठी अक्षरांवरून असाच वाद झाला होता. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून होती, विंडोज २००० मध्ये ती चालतही होती. तरी विकतच्या फॉन्टचे पॅकेज आणि त्याचे डोंगल यांशिवाय संगणकावर शुद्ध मराठी होणे नाही, असे जाणकार म्हणवणारे ठासून सांगत होते. युनिकोडमध्ये जोडाक्षरे तुटतात, रफार चुकतो, छपाईला चालत नाही, असे एक ना दोन आक्षेप. त्यातले काही तेव्हा खरेही होते. पण परिणाम काय झाला ते पाहा. त्या काळात जुळवलेल्या मराठी पुस्तकांच्या फाइली आज उघडल्या तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. फॉन्ट नाही, डोंगल चालत नाही, पॅकेज नव्या विंडोजवर बसत नाही. लेखकाने लिहिले, प्रकाशकाने पैसे मोजले, आणि मजकूर वाचण्याची सत्ता मात्र तिसऱ्याकडे राहिली. तेव्हा युनिकोडचा आग्रह धरणाऱ्यांनाही रिकामटेकडेच म्हटले गेले होते.

बाकीचे आक्षेप लवकर आटपतात. लिनक्सवर काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप कराव्या लागतात म्हणे. लिनक्स मिंटवर ब्राउझर उघडायला, पत्र लिहायला, यूट्यूब पाहायला एकही आज्ञा लागत नाही. नवे गेम चालत नाहीत म्हणे. ज्याला नवे गेम हवेत त्याने नवे यंत्र खुशाल घ्यावे. लिनक्सही जुनी यंत्रे सोडतेच म्हणे. सोडते, पण इंटेलचा १९८५ सालचा ३८६ प्रोसेसर लिनक्सच्या कर्नलमधून काढला गेला तो २०१२ च्या डिसेंबरात. म्युनिक शहराने लिनक्स सोडले म्हणे. १५ हजारांच्या आसपास संगणक वर्षानुवर्षे चालवून झाल्यावर २०१७ मध्ये नगर परिषदेने तो निर्णय घेतला, आणि त्याच जर्मनीतले श्लेस्विग-होल्श्टाइन राज्य २०२४ पासून ३० हजार संगणक उलट दिशेने न्यायला निघाले आहे.

जबाबदारी कोणाची, या ठेवणीतल्या सवालाला मात्र चार ओळी देतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पाडली. भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. ती यंत्रे पैसे मोजलेली, करारांनी बांधलेली, जबाबदार माणसांच्या ताब्यातली होती. त्याच वर्षी मार्चमध्ये लिनक्सच्या जगात एक्सझेड या छोट्या प्रणालीत कोणीतरी चोरदरवाजा पेरला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रावर लॉगिन व्हायला अर्ध्या सेकंदाचा उशीर का होतो, असा प्रश्न पडला. त्याने खोदून पाहिले, आणि बहुतेक जगात पसरण्याआधीच तो चोरदरवाजा सापडला. सगळ्यांना आत डोकावता येत होते, म्हणून त्यालाही डोकावता आले.

एक अडचण खरी आहे आणि ती मी लपवणार नाही. ज्याचे पोट टॅलीवर आहे, ज्याला डिजिटल सहीचे टोकन लावून निविदा भरायच्या आहेत, ज्या डीटीपीवाल्याच्या जुन्या फाइली पेजमेकरमध्ये आहेत, त्याने उद्या विंडोज सोडावे असे मी म्हणत नाही. त्याने ते वाढीव वर्ष घ्यावे. पण सरकारी कामाची सॉफ्टवेअरे बऱ्याच ठिकाणी एकाच कंपनीची प्रणाली गृहीत धरून बनवली जातात, हा त्या डीटीपीवाल्याचा दोष नाही. करदात्याच्या पैशातून झालेले काम कोणत्याही प्रणालीवर चालले पाहिजे.

माझे म्हणणे इतकेच आहे. यंत्र कधी टाकायचे हे ज्याने पैसे मोजले त्याने ठरवावे, आणि त्यासाठी त्याला खरी माहिती मिळावी. औषधाच्या पाकिटावर मुदत छापलेली असते. तशी सपोर्टची तारीख लॅपटॉपच्या खोक्यावर आणि बिलावर का नसावी? युरोपच्या सायबर रेझिलिअन्स कायद्याने डिसेंबर २०२७ पासून ही तारीख जाहीर करणे बंधनकारक होणार आहे. सपोर्ट कोणत्या वर्षाच्या कोणत्या महिन्यात संपेल, हे विकतानाच सांगावे लागेल. आपल्याकडेही तशी तरतूद हवी. शाळांच्या संगणक-कक्षांनी केरळकडे पाहावे. तिथल्या सरकारी शाळा दोन दशकांच्या आसपास मुक्त प्रणालींवर चालत आहेत आणि मुले काही अडाणी राहिलेली नाहीत. जगात २०२२ या एका वर्षात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के नोंद होऊन नीट गोळा केला गेला. त्यात चालू यंत्रांची भर घालण्याचा सल्ला कोणी देत असेल, तर त्याने आधी हा आकडा तोंडाने म्हणून दाखवावा.

ज्यांच्या घरी असा लॅपटॉप आहे त्यांनी एवढे करावे. आधी आपल्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. लिनक्स मिंट एका पेनड्राइव्हवर उतरवून लॅपटॉप त्यावरून सुरू करावा. डिस्कवरच्या विंडोजला धक्का न लावता ते चालते. वायफाय लागते का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखला जातो का, मराठी इनस्क्रिप्ट कळफलक बसतो का, हे तासभर निवांत पाहावे. आत फिरती हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी बसवावी. मागच्या झाकणाचे स्क्रू काढता येणाऱ्या कोणालाही ते जमते, आणि यंत्राच्या वेगात पडणारा फरक लगेच जाणवतो. त्यानंतरही पटले नाही तर पेनड्राइव्ह काढून ठेवावा आणि नवा लॅपटॉप घ्यावा. मिंटच्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत, तेव्हा निर्णयाची घाई नाही.