गदा दोन, केसरी दोन, पण पैलवानाला मत एकही नाही

नाशिक : जत्रांचा हंगाम आला की गावागावात हगामे भरतात. पाच-दहा रुपयांच्या कुस्तीपासून सुरुवात होते अन् शेवटच्या मानाच्या कुस्तीला अंधार पडतो. तिथं पंच गावचाच असतो. निकाल चुकला तर मैदानातच आरडाओरड होते अन् बऱ्याचदा कुस्ती पुन्हा लावतात. राज्याच्या पातळीवर गेलं की मात्र हे सगळं बदलतं. तिथं कुस्ती कोणाची, हेच कळेनासं झालंय.

2023 चा नोव्हेंबर आठवा. एकाच महिन्यात दोन 'महाराष्ट्र केसरी' झाले. फुलगावला सिकंदर शेखने शिवराज राक्षेला हरवून गदा घेतली. पंधरवड्याच्या आत धाराशिवला दुसरी स्पर्धा झाली अन् तिथं त्याच शिवराजने आपल्या हर्षवर्धन सदगीरला हरवून गदा घेतली. मग खरा केसरी कोण? पारावर यावर आजही वाद होतो. 2025 लाही तेच. फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ केसरी झाला, मार्चमध्ये कर्जतला वेताळ शेळके. एकाच जिल्ह्यात दोन महिन्यांत दोन मैदानं, दोन गदा.

यात पैलवानांची चूक शून्य. भांडण वरचं आहे. मामासाहेब मोहोळांच्या काळापासूनची महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद, जिचे अध्यक्ष बरीच वर्षं शरद पवार होते अन् कारभार बाळासाहेब लांडगे बघायचे, ती 2022 मध्ये भारतीय कुस्ती महासंघाने बरखास्त केली. नवीन निवडणूक लागली अन् रामदास तडस अध्यक्ष झाले. जुन्यांनी ते मानलं नाही, प्रकरण कोर्टात गेलं. तेव्हापासून एकीकडे परिषद अन् दुसरीकडे संघ. पुढाऱ्यांची नावं बघितली तर कोण कुठल्या पक्षाचं हे वेगळं सांगायला नको.

आता मुद्द्याचं. या संस्था निवडतो कोण? गावातली तालीम, मग जिल्हा तालीम संघ, मग राज्य, मग दिल्ली, अशी उतरंड आहे. खालची संस्था वरच्या संस्थेचे पदाधिकारी निवडते. जो पोरगा रोज हजार जोर-बैठका मारतो, ज्याचा बाप दूध-तूप-बदामाच्या खुराकासाठी म्हैस विकतो, त्याला कुठल्याच पायरीवर मत नाही. आपल्या बाजार समितीसारखंच हे. कांदा आपण विकायचा, पण संचालक निवडायचे सोसायटीच्या अन् ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी. शेतकऱ्याला थेट मताचा कायदा 2017 ला झाला अन् पुढच्या सरकारने 2020 ला मागं घेतला. तिथं निदान एकदा मत देऊन तरी बघितलं. कुस्तीत तेही नाही.

दिल्लीत हे फार स्पष्ट दिसलं. जानेवारी 2023 मध्ये विनेश फोगाट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया रस्त्यावर बसले. महासंघाचे अध्यक्ष ब्रिजभूषण सिंह यांच्यावर महिला पैलवानांच्या छळाचे आरोप झाले, त्यांनी ते नाकारले. निवडणूक लांबत गेली म्हणून ऑगस्टमध्ये जागतिक संघटनेने महासंघालाच निलंबित केलं. झळ कोणाला बसली? अंतिम पंघालने पुढच्याच महिन्यात जागतिक स्पर्धेत पदक मिळवलं, पण तिरंग्याखाली तिला लढता आलं नाही. शेवटी 21 डिसेंबर 2023 ला मतदान झालं. अख्ख्या देशातून मतं पडली 47. ब्रिजभूषण यांच्या जवळचे संजय सिंह यांना 40, अन् माजी पैलवान अनिता श्योराण हिला 7. त्याच दिवशी साक्षीने बूट टेबलावर ठेवून कुस्ती सोडली. ऑलिंपिकचं पदक आणणाऱ्या साक्षीला त्या 47 मध्ये जागा नव्हती. तीन दिवसांत क्रीडा मंत्रालयाने नवीन कार्यकारिणी निलंबित केली, ती बंदी उठली थेट मार्च 2025 मध्ये.

काही जण म्हणतात, पैलवानाला राजकारणातलं काय कळतं, मोठी स्पर्धा भरवायची तर पुढारीच लागतो. यात तथ्य आहे. मैदान, मॅट, गदा, बक्षिसाची गाडी हे सगळं पुढारीच आणतो, अन् पूर्वी राजे आणायचे. पण गाडी देणारा वेगळा अन् निकाल, निवड, बंदी ठरवणारा वेगळा असायला हवा ना? अहिल्यानगरला चितपटीवरून वाद झाला, शिवराजने पंचाला लाथ मारली. ते चुकीचंच होतं. त्याला तीन वर्षांची बंदी लागली. पण पंच नेमणारे तेच, बंदी घालणारेही तेच. पैलवानाचं म्हणणं मांडायला त्या खोलीत त्याचा माणूस कोण होता?

2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. त्यात कार्यकारिणी जास्तीत जास्त 15 जणांची, त्यात निदान चार महिला अन् नामवंत खेळाडू असायलाच हवेत असं आहे. वादासाठी वेगळं न्यायाधिकरणही आहे. चांगली सुरुवात म्हणायची, पण हे झालं दिल्लीच्या खुर्च्यांचं. तालुक्याच्या तालमीतल्या पोराला मत त्यानेही मिळत नाही.

हर्षवर्धनचंच उदाहरण घ्या. मूळचा शेजारच्या अकोले तालुक्यातला, भगूरच्या तालमीत घडला. जानेवारी 2020 मध्ये बालेवाडीला नाशिकसाठी गदा आणली तेव्हा केसरी एकच होता. हरलेल्या शैलेश शेळकेला त्याने खांद्यावर उचलून घेतलं होतं, दोघंही काका पवारांचे पठ्ठे. त्या गदेवर कोणी शंका घेतली नाही. याआधी विजय चौधरीसारखे केसरी गदेच्या जोरावर पोलीस उपअधीक्षक झाले. गदा दोन झाल्यावर नोकरी कुठल्या गदेला द्यायची?

म्हणून जिल्ह्याच्या निवड चाचणीला पोरगं पाठवणाऱ्या आई-बापांनी आधी एवढंच विचारावं : ही चाचणी परिषदेची की संघाची, अन् हिचं प्रमाणपत्र पोलीस भरतीच्या खेळाडू कोट्यात चालतं का? उत्तर तोंडी नको, लेखी घ्या.